बसलेल्या पाण्याचे वर्तमान

श्री. जी वाणी नेणत्या गोष्टीस जाणत्या गोष्टीचे बोट धरवून चालविते, तिच्या चरणी माथा ठेवून, शके सतराशे पाच, शोभकृत् नाम संवत्सरी, फाल्गुनमासी एका दौलतीत जे घडले ते यथामति लिहितो. दौलत कोणती, ते पुसू नये. पुसल्यास सांगणार नाही. डोंगर उतरून खाली आले, नदी लागली, चिंचेची झाडे लागली आणि ऊन डोक्यावर चढून बसले म्हणजे ती दौलत आली ऐसे समजावे. त्या दौलतीत अठरा कारखाने होते. जडजवाहीर जामदारखान्यात, स्वयंपाक मुदपाकखान्यात, घोडी पागेत, हत्ती पीलखान्यात, ऐसी ज्याची त्याची जागा ठरलेली. आणि कायदा ऐसा की, जी वस्तू कोणत्याही कारखान्यात बसली नाही, ती राजवाड्याची देवडी ओलांडून आत जावयाची नाही, आणि जी आत गेली नाही ती त्या दौलतीत नाहीच. आता जुन्या वस्तूंचे ठीक. नव्या वस्तूने जावे कोठे? म्हणोन पूर्वजांनी एक हुद्दा नेमिला होता, त्याचे नाव सारखेनवीस. नवी वस्तू आली म्हणजे सारखेनविसाने ती पाहावी, हुंगावी, वाजवावी, आणि भर दरबारात सांगावे की, 'महाराज, ही अमक्यासारखी.' मग अमके जेथे राहते तेथे ही राहील, आणि अमक्यास जे खाणेपिणे तेच हिला. थोरल्या महाराजांचे वेळेस टोपीकरांनी एक घड्याळ नजर केले, तेव्हाचे सारखेनवीस बोलिले की, 'ठरल्या वेळेस ओरडते, सबब कोंबड्यासारखे.' मग ते घड्याळ खुराड्यात गेले, तेथे त्यास नित्य मूठभर जोंधळा घातला, आणि जोंधळा पोटात जाऊन ते बिचारे मेले. हसू नये. आपणही घरोघरी हेच करितो. फक्त आपल्याला त्याचा तनखा मिळत नाही.

त्या साली या हुद्द्यावर कोनेरपंत होते. घड्याळवाले सारखेनवीस ते यांचेच तीर्थरूप. परंतु लेकाची नजर बापाहून निराळी होती. एकदा देवळाची नवी घंटा दारात अडकली, मागे जाईना, पुढे जाईना, पन्नास माणूस ढकलून घामाघूम जाहले, आणि गवंडी दार फोडावयास आला, तेव्हा कोनेरपंत म्हणाले, "अहो, हे बांगडी भरण्यासारखे आहे. कासार काय हात फोडतो? हात चेपून, बांगडी तिरकी करून, फिरवीत फिरवीत नेतो. तुम्हीही घंटा तिरकी करा." केली, आणि घंटा दारातून गेली. तेव्हापासून त्यांचा लौकिक जाहला. माणूस मात्र मोठा स्वप्नाळू. रस्त्याने चालताना ओठ हलत, 'हे कशासारखे, ते कशासारखे' ऐसे स्वतःशीच चाललेले, आणि घरी बायकोने विचारिले, "आमटी कैसी जाहली?" तर म्हणत, "मंगळवारच्यासारखी." ती माउली कपाळास हात लावी. जगात एकटे काहीच नाही, प्रत्येकास कोठे ना कोठे कोणीतरी सारखे आहेच, ऐसा त्यांचा भाव होता, आणि तो भाव धरूनच ते सुखाने झोपत.

आता मासाहेबांचे सांगणे आले. मासाहेब म्हणजे महाराजांच्या मातुश्री. त्या दूर उत्तरेच्या डोंगरी राज्यातल्या. आठ वर्षांच्या असता लग्न होऊन या उन्हाच्या देशी आल्या. नवी नवरी पाहावयास दरबार भरला, तेव्हा कोणी कौतुकाने विचारिले, "काय गे, तुझ्या माहेरी काय काय असते?" पोरीने गालांतल्या गालांत हसून सांगितले, "आमच्याकडे थंडीत पाणी बसते. नदी बसते. मग आम्ही तिच्यावर चालतो." झाले! सगळा दरबार खो खो हसला. तेव्हाचे सारखेनवीस, म्हणजे घड्याळवाले, त्यांस पुसिले की, 'बसलेले पाणी हे कशासारखे?' ते म्हणाले, "महाराज, कशासारखेही नाही. सबब हे नाहीच. लेकरू आहे, माहेरची बढाई मारिते." मग ती गोष्ट कोणत्याही कारखान्यात बसली नाही, आणि त्या पोरीने पुन्हा कधी ती काढिली नाही. माहेरची बोली विसरली, इकडचे शिकली, राज्य केले, लेकरे वाढविली, धनी वारले ते दुःख गिळिले, आणि आता म्हातारपणी नदीकाठच्या महालात अंथरुणास खिळली. वैद्य म्हणत, रोग काही नाही, जीव उतरतो आहे. अन्न सुटले, बोलणे सुटले. महाराज, स्वतःच साठीला टेकलेले, उशाशी बसून काकुळतीने म्हणाले, "मासाहेब, काय हवे ते सांगा. आकाशपाताळ एक करितो." मासाहेब छताकडे पाहत म्हणाल्या, "माहेरचे पाणी."

महाराजांनी त्याच दिवशी डोंगरी राज्यात सांडणीस्वार धाडिले. तेथे आता मासाहेबांचा भाचा गादीवर होता. त्याने आत्याबाईंचा निरोप ऐकिला आणि भेट रवाना केली. इकडे दरबाराच्या मनात चांदीच्या झारीचे चित्र. आली ती बैलगाडी, आणि गाडीवर घोंगड्यांनी आवळलेला ढीग, त्यास मेंढराचा असा वास की हुजऱ्यांनी नाकास पदर लाविले. डोंगरी माणसे गाडीसोबत घाटापर्यंतच आली. खालचे ऊन त्यांस सोसेना, दोघे जण भोवळ येऊन पडले, सबब आमच्या माणसांचे हाती गाडी देऊन ते माघारी फिरले. त्यांची बोली कोणास कळेना. जाताना त्यांनी पुन्हा पुन्हा त्या ढिगास दोन्ही हातांनी मिठी मारून दाखविली. आमच्या लोकांनी जाणिले की, हा त्यांचा निरोपाचा रिवाज असावा, आणि उलट त्यांनाच कडकडून मिठ्या मारिल्या. गाडी दरबारापुढे आली, आणि दिवाण भगवंतराव, मोठे शिस्तीचे, ओरडले, "राजाची भेट आणि ही कळकट घोंगडी? काढा ती आधी, फेकून द्या!" घोंगडी फेकिली. आत धान्याचे तूस भरलेले, तेही झाडिले. आणि मग त्या चौकात जे उजेडले ते पाहून बैलदेखील मागे सरले. पाषाण म्हणावा तर पाषाणाच्या आत आकाश. पलीकडचा माणूस त्यातून उलटा दिसे, वाकडा दिसे, दोन दिसे. दिवाण गोंधळून म्हणाले, "पाणी मागितले आणि दगड पाठविला. ही थट्टा तर नव्हे? बोलवा सारखेनविसांस."

कोनेरपंत आले आणि पाहतच राहिले. चौकाचा गलबला त्यांस ऐकू येईना. पाषाणाच्या पोटात बुडबुडे थांबलेले होते, वर येता येता कोणी हाक मारिली म्हणोन थबकले ऐसे, आणि अगदी मध्यावर एक पिवळे पान, त्याची शीर न् शीर दिसत होती. पंतांनी हात ठेविला आणि चटका बसला म्हणोन काढिला, मग पुन्हा ठेविला. चटका खरा, पण विस्तव नाही. आपण लहानपणी स्वप्नात ऐसे काही पाहिले होते, परंतु जागे होता होता निसटले, ऐसे त्यांस वाटले आणि उगाच डोळे भरले. महाराज म्हणाले, "पंत, बोला. कशासारखे?" पंत भानावर आले. पारदर्शक, कठीण, झळझळीत. ते म्हणाले, "महाराज, स्फटिकासारखे." मग दुसरे काय? जामदारखान्यात रवानगी जाहली. मखमलीच्या गादीवर मांडिले, कुलूप घातले. दुसरे दिवशी सकाळी जामदाराने दार उघडिले तो गादी चिंब आणि स्फटिक पाव हिस्सा कमी. जामदाराच्या तोंडचे पाणी पळाले. धावत दरबारात येऊन म्हणाला, "चोरी जाहली! चोराने रत्नाचे कोपरे कापून नेले, आणि जाताना हातातली घागर सांडून गेला." झाले, पहारा वाढविला. चहूबाजूंनी मशाली लाविल्या, की चोर दिसावा. ज्यांस ठाऊक आहे ते वाचणारे आता 'अरे अरे' म्हणत असतील. परंतु तेथे कोणास ठाऊक होते? दोन प्रहरी पाहतात तो चोर नाही, आणि रत्न निम्मे.

पुन्हा पंतांस बोलाविले. ते म्हणाले, "महाराज, माझे चुकले. हे रत्नासारखे नव्हे, हे नासते. नासणाऱ्या वस्तूसारखे म्हणा." ऐकताक्षणी मुदपाकखान्याचा दारोगा पुढे जाहला, म्हणाला, "नासते ना? मग द्या माझ्याकडे. कैरी नासते, लिंबू नासते, आम्ही मिठात घालून वर्षभर राखितो." आणि त्याने तो पाषाण रांजणात ठेवून वरून खडे मीठ ओतिले. हाय हाय! मीठ लागताच ते ऐसे विरघळू लागले की रांजणातून कडकड आवाज येई, आणि दारोगा उत्साहाने म्हणे, "मुरते आहे! मुरते आहे!" पंतांनी झाकण काढून आत पाहिले. गाडीभर आलेली वस्तू परातीएवढी जाहली होती. तेव्हा त्यांनी स्वतःच ती बाहेर काढिली, धुतली, आणि घाबऱ्या घाबऱ्या विचार केला की, उघडे ठेविले म्हणजे उडून जाते, तर हे कापरासारखे असेल. कापूर डबीत मिऱ्यांसंगे ठेवितात. मग डबा आणविला, मिरे आणविले, आत ते ठेवून झाकण घट्ट लाविले. डब्यात ते थोडे अधिक टिकले, हे खरे. परंतु टिकले म्हणजे काय, हळू मेले. झाकण उघडावे तो तळाशी पाणी, पाण्यावर मिरे पोहताहेत, आणि त्यांमध्ये ते लहान लहान होत चाललेले.

तेव्हा पंतांनी त्या पाण्यात बोट बुडविले आणि कशास कोण जाणे, चाखिले. मिऱ्याचा झणझणाट गेल्यावर जिभेवर उरले ते निव्वळ पाणी. ना स्फटिकाचा अर्क, ना कापराचा वास. पाणी. पंत होते तेथेच भुईवर बसले. आपल्या तीर्थरूपांनी जेवताना कैक वेळा हसत सांगितलेली गोष्ट त्यांस आठविली. आठ वर्षांची नवरी आणि तिची नदी. भाच्याने थट्टा केली नव्हती. मासाहेबांनी पाणी मागितले, त्याने पाणीच धाडिले, बसलेले पाणी. आणि ते आता उठून चालले होते. ज्या घराने ते 'नाही' म्हणोन ठरविले, त्याच घराच्या दुसऱ्या पिढीने ते हातात आल्यावर मशालींनी, मिठाने, डब्याने संपवीत आणिले. पंत त्या ओल्या फरशीवर हमसून हमसून रडले. हुद्दा जाईल याचे त्यांस काही वाटेना. म्हातारी तिकडे छताकडे पाहते आहे, तिचा जीव एवढ्यासाठी अडकला आहे, आणि तिला ते एकवार दिसण्याआधी त्याचे पाणी होणार, हेच एक त्यांच्या काळजास लागले.

मग डोळे पुसून त्यांनी डबा उराशी धरिला आणि भर दुपारच्या उन्हात नदीकाठच्या महालाकडे पळत सुटले. पागोटे सुटले, एक जोडा वाटेत राहिला. महाल राजवाड्याचाच, सबब कायदाही तोच. देवडीवर जोत्याजी पहारेकरी उभा. त्याने भाला आडवा घातला. "पंत, कंच्या कारखान्याचं हाय?" पंत धापा टाकीत म्हणाले, "कोणत्याच नाही रे अजून. पण सोड मला, विरघळते आहे!" जोत्याजी म्हणाला, "मग न्हाई." पंतांनी विनविले, रागे भरले, ब्राह्मणाचा शाप देईन म्हणाले. जोत्याजी ढिम्म हलेना. "पंत, उगा जीव काढू नका. म्यां बाहीरचं आत सोडत न्हाई अन् आतलं बाहीर सोडत न्हाई. आत कोन हाय, राजा का रंक, थंड का तापट, मला काय त्याचं? म्यां काय कुनाला देत न्हाई अन् कुनाचं घेत न्हाई. म्यां दार राखतो." आणि हे बोलताना तो कपाळावर काय ओढून घेत होता? चौकात फेकिलेली घोंगडी! पंत ओरडले, "अरे, या वणव्यात घोंगडी पांघरलीस? वेड लागले काय?" जोत्याजी म्हणाला, "मग? ऊन आत शिरत न्हाई." आणि त्या बोलासरशी पंतांच्या डोक्यात घोंगडी आणि देवडी शेजारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थंडीत आपण घोंगडी पांघरितो म्हणोन घोंगडी ऊब देते ऐसे जन्मभर मानिले. परंतु घोंगडी कोठली ऊब देणार? ती चुलीवर का बसली आहे? ऊब आपली; घोंगडी फक्त ती बाहेर सोडीत नाही. ती देवडीवाल्यासारखी! आत ऊब असली तर ऊब राखील, आत गारवा असला तर गारवा राखील, आणि बाहेरच्याला म्हणेल, 'कोणत्या कारखान्याचे?' ती डोंगरी माणसे मिठी मारून हेच सांगत होती, आणि आम्ही त्यांच्याच गळ्यात पडलो! पंत त्या रखरखीत उन्हात मोठ्याने हसू लागले. जोत्याजीस वाटले, याला ऊन लागले. तोच पंतांनी त्याच्या डोक्यावरची घोंगडी ओढून काढिली, डब्यातला तुकडा पुसून तीत गुंडाळिला, वरून आपले उपरणे आवळिले, आणि म्हणाले, "जोत्याजी, तुझे उपकार सात जन्म फिटणार नाहीत." जोत्याजी म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. माझी घोंगडी?"

आता वस्तू टिकली, परंतु देवडी राहिलीच. पंत गाठोडे घेऊन तसेच, एका पायात जोडा, दरबारात शिरले. महाराज गादीवर उदास, दिवाण भगवंतराव शेजारी. दिवाण म्हणाले, "पंत, रत्न म्हणालात, लोणचे म्हणालात, कापूर म्हणालात. आता काय राहिले?" पंत म्हणाले, "महाराज, हे सासुरवाशिणीसारखे आहे." दरबार चमकला. पंत बोलत राहिले. "दूर थंड देशाहून आले. ज्या घरी गेले त्या घराने पाहिले की हे आपल्याकडच्या कशासारखे, आणि तैसे त्यास वागविले. जामदाराने जडाव केले, दारोग्याने मुरविले, मी डबीत कोंडिले. कोणी वाईट नव्हते महाराज, सगळ्यांनी आपल्या परीने लाडच केले. आणि ते दिवसेंदिवस कमी होत गेले. त्याला सोबत फक्त माहेरची घोंगडी हवी होती, ती आम्ही पहिल्या दिवशी काढून फेकिली." दिवाण म्हणाले, "भलतेच! नवरीस नाक असते, डोळे असतात. यास आहेत काय?" पंत म्हणाले, "दिवाणसाहेब, नाकडोळेच जुळवीत बसलो म्हणोन गाडीभर वस्तूचे हे गाठोडे उरले. आता नाकडोळे राहू द्या, त्याच्यावर काय गुदरले ते पाहा. आणि मला एवढेच सांगा, नवी नवरी राजवाड्यात येते तेव्हा तिला कोणत्या कारखान्यात जमा करितात?" नवरी कोणत्याच कारखान्यात जात नाही. ती माप ओलांडून सरळ घरात येते, हे पोरासोरांसही ठाऊक. महाराज मात्र गादीवरून उठले. त्यांना आपली आई आठ वर्षांची दिसत होती. म्हणाले, "पंत, चला. मी स्वतः माप मांडितो."

मग त्या दुपारी त्या दौलतीने जे पाहिले ते पाहिलेल्यांसही पुढे खरे वाटेना. महालाच्या उंबऱ्यावर तांदळाचे माप मांडिले, सुवासिनी ओवाळावयास उभ्या राहिल्या, नगारखान्यात सनई कोणी सांगितल्यावाचून सुरू जाहली, आणि एका पायात जोडा घातलेले कोनेरपंत मेंढराच्या वासाचे गाठोडे पोटच्या पोरीसारखे उचलून आले. जोत्याजीने भाला आडवा घातला आणि रिवाजाप्रमाणे विचारिले, "नवरी कुनाची?" पंत म्हणाले, "मासाहेबांच्या माहेरची." जोत्याजीने भाला वर केला. पंतांनी वाकून गाठोड्याचे टोक मापास लाविले, तांदूळ घरात सांडले, सुवासिनींनी ओवाळिले. निरांजन दुरूनच ओवाळा, ऐसे पंत कळवळून सांगत होते. आतल्या दालनात मासाहेब डोळे मिटून पडल्या होत्या. गाठोडे उघडिलेही नव्हते, तोच त्यांच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडिले. म्हणाल्या, "ही घोंगडी आमच्याकडची." महाराजांनी त्यांस बसते केले, घोंगडी उलगडली, आणि आत नारळाएवढे ते, अजून पोटात पिवळे पान धरून, बसले होते. मासाहेबांनी दोन्ही तळवे त्यावर ठेविले. महाराजांनीही धीर करून बोट लाविले आणि "आई गं, भाजले!" म्हणोन मागे घेतले, आणि त्या म्हातारीस हसू फुटले. आठ वर्षांच्या पोरीचे हसू. महाराजांनी ते जन्मात ऐकिले नव्हते.

कोनेरपंत भुईस कपाळ लावून म्हणाले, "मासाहेब, आमच्या तीर्थरूपांनी आपणांस खोटे ठरविले. सगळा दरबार हसला. आज सगळ्यांसमोर आपण खऱ्या ठरलात." मासाहेब म्हणाल्या, "पंत, उठा. मला कशाला खरे ठरवायचे? मी चालले आहे त्यावरून. मला ठाऊकच होते." मग म्हणाल्या, "आणि सगळे हसले नव्हते. स्वारी हसली नव्हती." स्वारी म्हणजे त्यांचे धनी, थोरले महाराज. "बारा वर्षांचे होते तेव्हा. दरबार उठल्यावर हळूच येऊन विचारिले, पायाखाली कसे लागते? मला सांगता येईना. इकडे त्याच्यासारखे काहीच नव्हते ना, काय सांगू? फरशी म्हणावी तर फरशी नव्हे, काच म्हणावी तर काच नव्हे. मग थंडीच्या दिवसांत सकाळी मला घाटावर नेत, नदीवर पाऊल ठेवीत आणि तिला म्हणत, बैस. बैस ना. पाऊल बुडे, चोळणा भिजे, आम्ही दोघे हसत असू. पुढे मोठे जाहले, मोहिमा लागल्या, पिकल्या मिशा आल्या, तरी दर पौषात एकदा घाटावर जात, पाऊल लावून पाहत, आणि वळून माझ्याकडे बघत. कधी म्हणाले नाहीत की तू खोटे सांगितलेस." एवढे बोलून त्यांना धाप लागली. मग घोंगडी पुन्हा नीट गुंडाळून म्हणाल्या, "बाळ, पालखी आण. याचे माझ्याकडे काम नाही. मी हे त्यांच्यासाठी मागविले."

थोरल्या महाराजांच्या समाधीची छत्री नदीच्या वरच्या अंगास होती. पालखी निघाली, महाराजांनी स्वतः खांदा दिला, पंत गाठोडे घेऊन सावलीसावलीने पुढे. ऊन कलले होते तरी दगड तापलेला. छत्रीत धन्याच्या नावे पादुका कोरलेल्या, वर फुले, खाली काळा पाषाण. मासाहेब महाराज आणि पंत, दोघांचा हात धरून पालखीतून उतरल्या. किती महिन्यांनी उभ्या राहिल्या कोण जाणे. घोंगडी उघडिली तेव्हा आत मुठीएवढे उरले होते, पान एका बाजूने बाहेर आले होते. त्यांनी ते उचलून पादुकांवर, कोरलेल्या उजव्या पावलाच्या खाचेत ठेविले. ते तेथे बरोबर बसले. क्षणभर खाचेच्या कडेने निळा उजेड फिरला. मासाहेब वाकून, शेजारी कोणी कान देऊन बसले आहे ऐशा आवाजात म्हणाल्या, "बसले आहे. आता ठेवा पाऊल."

कोनेरपंत जरा दूर उभे होते. पाणी खाचेतून ओघळून पायऱ्यांवरून खाली गेले, तोवर मासाहेब तेथेच बसून राहिल्या, आणि कोणी त्यांस चला म्हणाले नाही. शेवटी पिवळे पान तेवढे पादुकांवर उरले, ते त्यांनी पदरात बांधिले. पुढच्याच वैशाखात त्या गेल्या, सुखाने गेल्या. पंत सारखेनवीसच राहिले, परंतु पुढे नवी वस्तू आली म्हणजे आधी दिवाणांस बजावीत की, "गुंडाळलेले आहे ते फेकू नका." जोत्याजीस दोन नव्या घोंगड्या मिळाल्या.

येणेप्रमाणे बसलेल्या पाण्याचे वर्तमान जैसे ऐकिले तैसे लिहिले. अधिकउणे असेल तर शहाण्यांनी सांभाळून घ्यावे. डोंगरघाटातून निघाले तेव्हा ते गाडीभर होते, पोचले तेव्हा मुठीएवढे होते, आणि तेवढे पुरले.